आखाजीचा मुऱ्हाळी

धरणगाव,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. कामिनी हिस,
आबांचे अनेक आशीर्वाद.

सवयीने सौ. लिहून गेलो. लक्षात आलं तेव्हा पेन थांबला, पण खोडायला हात धजेना. ललित गेल्या श्रावणात गेला, तरी सुनेला पत्र लिहायला बसलो की हात जुन्याच वळणाने जातो. समजून घे.

तुझा फोन येतो, पण मला नीट ऐकू येत नाही. तुझ्या सासूबाई जेवलीस का एवढं विचारून पदर डोळ्यांना लावतात, तो तू फोन ठेवेपर्यंत काढत नाहीत. म्हणून हे पत्र. कागदावर लिहून मोबाइलने फोटो पाठवतो आहे. आयुष्यभर शाळेत पत्रलेखन शिकवलं, आता फोटो सरळ येईना. तूही असंच लिहून पाठव.

हरभरा काढणीला आला आहे. ओट्यावर बसलो की लोक विचारतात, मुलगा गेल्यावर सुनेला एवढ्या लांब इटलीला कशाला धाडलं. मी सांगतो की तिथल्या शिक्षणाचा अर्ज ललितनेच तिला भरायला लावला होता, मी फक्त विमानतळापर्यंत सोबत केली. तुझ्या सासूबाईंचा प्रश्न वेगळा असतो. जूनमध्ये शिक्षण संपलं की परत येईल ना, असं त्या रोज विचारतात. मी हो म्हणून ठेवलं आहे.

थंडीत कान झाक. आमच्यावर जीव आहे तसाच राहू दे.

तुझे,
आबा


पेरुजा,
२ मार्च २०२५

ती. आबा व ती. आई यांना
कामिनीचा शि. सा. नमस्कार.

आबा, फोटो वाकडा होताच, शिवाय शेवटच्या ओळीवर तुमचा अंगठा आला होता. तरी दोनदा वाचलं. सौ. खोडलं नाहीत ते बरं केलंत.

हे गाव डोंगरावर आहे. भाजी आणायला निघालं तरी धाप लागते. संध्याकाळी लोक नीटनेटके कपडे घालून मोठ्या रस्त्यावर नुसते फिरतात. एकदा वर जायचं, एकदा खाली यायचं, काम काहीच नाही. बाजाराच्या दिवशी काही न घेता फिरणारे आपल्या गल्लीतले कौतिकनाना इथे फार सुखात राहिले असते. वर्गात माझी इटालियन ऐकून बाई म्हणाल्या की तू भांडल्यासारखी बोलतेस. मी सांगितलं, आमच्याकडे प्रेमानेही असंच बोलतात. सगळा वर्ग हसला, मीही मोठ्याने हसले. मग दिवसभर मला अपराध्यासारखं वाटत राहिलं.

माझ्या घरमालकीण इवानाबाई दर रविवारी नवऱ्याच्या कबरीवर जातात. परवा मलाही नेलं. इथे प्रत्येक कबरीवर माणसाचा फोटो असतो आणि छोटासा दिवा. बाईंनी रुमालाने फोटो पुसला, मग नळ गळतो आहे, मुलाने गाडी बदलली, असं सगळं त्यांना सांगितलं. नंतर मला विचारलं की तुझं कोण गेलं. मला येत होती तेवढ्या भाषेत मी ललितबद्दल सांगितलं. आबा, तो गेल्यापासून त्याच्याविषयी मी एवढं कधी बोलले नव्हते. आपल्या घरी तुम्ही दोघं मला त्रास नको म्हणून त्याचं नाव घेत नाही, आणि मी तुम्हाला त्रास नको म्हणून.

आईंना सांगा, मी वेळेवर जेवते. तुमची माया अशीच असावी.

आपली,
कामिनी


धरणगाव,
२३ मार्च २०२५

चि. कामिनी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. कबरीचा मजकूर आला तेव्हा त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने बाहेर येऊन त्यांनी तेवढाच भाग पुन्हा वाचायला लावला.

त्या आता तुझ्या येण्याच्या तयारीला लागल्या आहेत. तुझी खोली रंगवून घेतली. रंग त्यांनीच निवडला, तुला आवडेल असं मला वाटत नाही, पण बोलायची सोय नाही. अमळनेरच्या कॉलेजात शिकवायची जागा निघणार असल्याचं कुठून तरी ऐकून आल्या. शेजारच्या ताईबाईला सांगून झालं की आमची सून जूनपासून रोज गाडीने अमळनेरला जाईल.

तू हसलीस याचं वाईट वाटून घेऊ नकोस. या घरात आलेली बऱ्याच महिन्यांतली ती पहिली चांगली बातमी होती.

पत्र पाठवत जा, आम्ही वाटेकडे डोळे लावून असतो.

तुझे,
आबा


पेरुजा,
९ एप्रिल २०२५

ती. आबांस,
कामिनीचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र फक्त तुमच्यासाठी आहे. आईंना इतक्यात वाचून दाखवू नका.

वर्गातल्या बाईंनी मला पुढच्या दोन वर्षांच्या अभ्यासासाठी विचारलं आहे. फी माफ होईल. संध्याकाळी मुलांना इंग्रजी शिकवलं की राहण्या-जेवण्याचं भागेल. मेच्या मध्यापर्यंत उत्तर द्यायचं आहे.

आबा, मला राहायचं आहे. लपवून काय करू. इथे सकाळी उठले की दिवसभर काय करायचं ते मला माहीत असतं. तिकडची आठवण आली की माझी आणि ललितची ती खोली डोळ्यांपुढे येते, आणि खोटं कशाला बोलू, परत यायची भीती वाटते. पण आईंना मी जूनचा शब्द दिला आहे. त्यांनी माझ्या भरवशावर दिवस काढले आहेत. धुळ्याला माहेरी आईला आणि नीलेशदादाला विचारलं, तर ते म्हणतात की हा निर्णय धरणगावचा. तुम्ही नाही म्हणालात तर मी जूनमध्ये येईन आणि हा विषय पुन्हा काढणार नाही.

रागावलात तरी दूर करू नका.

आपली,
कामिनी


धरणगाव,
२ मे २०२५

चि. कामिनीस,
आईचे आशीर्वाद.

मी सांगते आहे आणि आबा लिहीत आहेत. तू त्यांच्या एकट्यासाठी लिहिलेलं पत्र त्यांनी मला दाखवलं. त्यांचा दोष नाही. त्यांना माझ्यापासून काही लपवता येत नाही, लगेच तोंड उतरतं.

मला फार राग आला. मुलगा गेला, आता सूनही चालली, असं वाटलं. बरेच दिवस मी आबांशीसुद्धा धड बोलले नाही.

परवा अक्षय्य तृतीयेला आखाजी झाली. ललितच्या नावाने पहिली घागर भरली, वर खरबूज, आंबे आणि सांजोऱ्या ठेवल्या. उंबरठ्यावर गेलेल्या एकेका माणसाचं नाव घेऊन कुंकवाचं बोट ओढावं लागतं, आणि नाव मोठ्याने घ्यावं लागतं. सासऱ्यांचं घेतलं, सासूबाईंचं घेतलं. शेवटी ललितचं घेतलं. मग खूप रडले, आबाही रडले. त्या दिवशी आम्ही संध्याकाळपर्यंत त्याच्याबद्दलच बोलत होतो.

गल्लीत माहेरवाशिणींचे झोके बांधले होते. ताईबाईची मुलगी एरंडोलहून आली, तिचा भाऊ मुऱ्हाळी होऊन तिला घेऊन आला. आपल्याला मुलगी नाही, त्यामुळे कुणाला आणायला मुऱ्हाळी पाठवायची वेळ या घरावर आली नाही. तिचा झोका बघताना मनात आलं की सुनेला कुणी मुऱ्हाळी पाठवत नाही, लेकीला पाठवतात. आणि लेक दुसऱ्या गावी राहते म्हणून कुणी तिच्यावर रुसत नाही. मी आबांना सांगितलं की कामिनी आते मनी आंडेर शे. आता तू माझी लेक.

हे मला सोपं गेलं नाही, पोरी. तू सून होतीस तोवर ललितचं काहीतरी या घरात होतं. तुला लेक म्हटलं की तेही हातातून सुटलं. इथे आबांनी पेन खाली ठेवला, मी पुन्हा उचलायला लावला.

तिथेच शीक. चांगला माणूस भेटला तर लग्न कर. परवानगी मागू नकोस, फक्त कळव. पुढच्या आखाजीला विमानतळावर आबा मुऱ्हाळी म्हणून उभे राहतील. धुळ्याला तुझ्या आईशी बोलले आहे. माहेरचा पहिला मान त्यांचाच, पण दोन दिवस आमचे.

पोटभर जेव, आणि आम्हाला परकं करू नकोस.

तुझी,
आई

ता. क. जूनचं तिकीट काढलं असशील तर परत कर. या जूनमध्ये येऊ नकोस. एकदा दारात दिसलीस तर मी तुला पुन्हा जाऊ देणार नाही. माझा मलाच भरवसा नाही.