गोपिकाबाईचा निरोप

इंदोरा, नागपूर
१२ नोव्हेंबर १९८१

चि. रवींद्रास,

सप्रेम जयभीम. इकडे सर्व ठीक. आईचा खोकला कमी आहे. तुझी पुस्तिका पोचली.

वाचली आणि राग आवरेना. उन्हाळ्यात आईसमोर टेप ठेवून दुपारभर तिला बोलतं केलंस, आणि छापल्यास चार ओळी. कन्हानकडच्या आपल्या गावाने आपली घरं जाळली, विहीर बंद केली, पण देवराव, म्हणजे आपले बाबा, डगमगले नाहीत. सगळं खरं आहे. मग आई पुढे बोलली ते कुठे गेलं? प्राध्यापकसाहेबांना शोभलं नाही?

तू तेव्हा दोन वर्षांचा होतास, म्हणून पुन्हा लिहिते. धम्म घेतल्यावर आपल्या लोकांनी ठराव केला, गावात कुणी मेलं तर त्याचा निरोप गावोगाव न्यायचं काम आपण यापुढे करायचं नाही. त्यावरूनच घरं जळाली. विहीर बंद असताना वामनराव पाटलांची आई, गोपिकाबाई, मागच्या दाराने आपल्याला पाणी द्यायची. तेच पाणी पिऊन तू जगलास. ती वारली तेव्हा कामठीला तिच्या लेकीला कळवायला बाबा आपणहून गेले. कुणाचा हुकूम नव्हता.

ठराव मोडला म्हणून वस्तीतल्या लहानूकाकाने आपल्याच पंचांना जमवून बाबांना वाळीत टाकलं. पुढच्या उन्हाळ्यात बाबा गेले, तर वस्तीतल्या एकानेही खांदा दिला नाही. कामठीहून मामा आले, तेव्हा तिरडी उचलली. आणि तुझ्या पुस्तिकेत तोच लहानूकाका म्हणतो, ‘देवराव आमचा वाघ होता!’ रविवारी आईचा सत्कार ठेवलाय, त्यात तिला शालही तोच घालणार! लाज कशी वाटली नाही रे तुला?

तुझ्यावर ओरडते आहे, पण टेपसमोर मीही एक गोष्ट गिळली. बाबा गुपचूप गेले होते. लहानूकाकाने मला विचारलं, “तुहा बाप कुठी गेला वं?” मी अकरा वर्षांची, अख्खा ठराव मला तोंडपाठ. ताठ मानेने सांगितलं, “गोपिकाबाईचा निरोप घेऊन कामठीले गेला. ठराव मोडला त्यानं.” कुणी सांगितलं, हे बाबांनी कधीच विचारलं नाही.

हे पुढच्या आवृत्तीत माझ्या नावानिशी छापतो, असं सत्काराआधी कबूल कर. नाहीतर रविवारी सगळ्यांसमोर उभी राहून मीच सांगेन.

सकाळी आईला इथपर्यंत वाचून दाखवलं. ती म्हणाली, “धाडून दे.” आता दुपार टळली. अजून ती माझ्याशी बोललेली नाही.

तुझी ताई,
अंजना