आमेन बाकी ठेवा

अहो,

धाकटीच्या बाळाला ताप आहे, म्हणून तिच्याकडे जातेय. उद्या येईन. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या.

काल जेवणाआधीच्या प्रार्थनेत मी म्हटलं, "प्रभू, यांना ते घड्याळांचं दुकान एकदाचं बंद करायची बुद्धी दे." ते देवासाठी नव्हतंच, तुम्हाला ऐकवायला होतं. तुम्ही भरलं ताट तसंच ठेवून उठलात.

नवीन लग्न झालं होतं तेव्हा ओल्या टॉवेलापासून घोरण्यापर्यंत तुमच्या सगळ्या कागाळ्या मी अशाच वर पाठवायचे. मग तुम्ही मध्येच मोठ्यानं "आमेन!" ठोकून द्यायचात आणि सासूबाईंना हसून हसून ठसका लागायचा. काल मी डोळे मिटून त्या आमेनची वाट बघत बसले होते.

आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसायला सांगा, बसेन. नवऱ्यासमोर तोंड मिटून बसणं मात्र मला अजून साधलेलं नाही.

आज प्रार्थना तुम्ही करा. माझ्याबद्दल काय सांगायचं ते देवाला बिनधास्त सांगा, लांबलं तरी चालेल. फक्त आमेन म्हणू नका. ते मी आल्यावर म्हणेन.