पेशी नसलेली नळी

माजिवडा, ठाणे
२ मार्च २०२६

तीर्थरूप मामांस,
रसिकाचा सा. न. वि. वि.

मागच्या पत्रातलं एक वाक्य चुकीचं आहे. बकऱ्याच्या हृदयाच्या आतल्या अस्तराच्या पेशी नायट्रिक ऑक्साईड बनवतात, हे मी प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहिलं, असं लिहिलं होतं. त्या बनवतात हे खरं. मी पाहिलं हे खरं नाही. पेशींनी तो वायू सोडला की द्रावण गुलाबी होतं. तुलनेसाठी ठेवलेली, पेशी नसलेली नळीही तितकीच गुलाबी झाली. घाईत भांडी नळाच्या पाण्याने विसळली, बहुधा त्याने. त्या नळीचा आकडा मी वहीत गिरवून गिरवून खोडला. प्रयोगशाळेच्या मॅडमनी बाकीचे आकडे तक्त्यात घेतले आणि मी गप्प बसले.

फोन करणार होते. पण चूक लेखी द्यायची, हे शाळेच्याही आधी तुम्हीच शिकवलंत.

रागावलात तरी दोन ओळी पाठवा.
तुमची रसिका

डोंबिवली
७ मार्च

चि. रसिकास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचून मामा चष्मा पुसत बसले, म्हणून मी लिहितेय. अगं, ह्यांच्या जिभेखालच्या गोळीतून मिळतो तोच वायू हृदय आपलं आपण बनवतं, असं तू आधी लिहिलं होतंस ना? झालं. घरचं असताना विकतचं कशाला, म्हणून गोळ्यांची डबी बटणांच्या डब्यात गेली. परवा भाजी घेऊन येताना जिन्यातच बसले. शेजारच्या राकेशने धरून वर आणलं. मला सांगतात, चप्पल चावली. डॉक्टरांना दाखवलं, डबी पुन्हा खिशात आहे. घाबरू नकोस.

तुझ्यावर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, खोडताना एकच रेघ मारायची, खालची चूक वाचता आली पाहिजे, हे पोरीला कितीदा सांगितलं.

येशील तेव्हा उपाशी ये.
तुझी नीलामामी

माजिवडा, ठाणे
११ मार्च

तीर्थरूप मामांस,
सा. न. वि. वि.

जिन्याचं वाचल्यापासून तुम्हाला फोन लावायला हात धजत नाही. मामा, त्या पेशींच्या वायूने तुमच्या गोळीचं काम होत नाही. मला हे ठाऊक होतं. तुम्ही कौतुक कराल म्हणून वाक्य गोड केलं. डबी अंघोळीपुरतीच खिशाबाहेर काढा.

गिरवलेलं पान उलटं करून उजेडात धरलं. पेनाच्या दाबाने आकडा मागे उमटला आहे. तो शेजारी नीट लिहून तारीख घातली, सही केली. मॅडम गावाला गेल्या आहेत आणि परतल्यावर दोनच दिवसांत तो तक्ता सभेत मांडणार आहेत. त्याआधी वही त्यांच्या हातात द्यायची आहे. मग त्या मला ठेवोत न ठेवोत.

तुम्ही दोघांनी माया पातळ करू नये, एवढंच मागते. सोमवारी, १६ मार्चला, सकाळी दहा वाजता मी मॅडमच्या दाराशी असेन.

रसिका