आत्या, माझा नायकच चुकला

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, खरोखरचा घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील, आपल्या घराण्याचे गुडघे तुला माहीतच आहेत). तब्येत कशी आहे? "बरी आहे" असं लिहू नकोस. परवा फोनवर तू तुझ्या भाचसुनेला सांगितलंस की गुडघा झकास आहे, आणि त्याच वेळी मागून काकांचा आवाज आला की टेबल धरल्याशिवाय तू खुर्चीतून उठत नाहीस. ऑपरेशन उत्तम झालं, पण नंतरच्या व्यायामाला यायचं तू तीन महिने बंद केलंयस. डॉक्टर म्हणतात, अजून महिनाभर असंच चाललं तर गुडघा आखडला तो आखडलाच. का बंद केलंस तेही मला ठाऊक आहे. व्यायामाची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिने तुला जमत नाहीत, आणि आमच्या हॉस्पिटलची लिफ्ट तुला पोटात घेऊन दोन मजल्यांच्या मध्ये पन्नास मिनिटं बसून राहिली. ती लिफ्ट माझ्या खात्याची. देखभाल विभागाचा प्रमुख म्हणून दारावर माझीच पाटी आहे. तू मला एका शब्दानं बोलली नाहीस, आणि त्याचंच मला जास्त लागलं. चार शिव्या घातल्या असत्यास तर निदान तोंड घेऊन तुझ्याकडे आलो तरी असतो.

पण मी हातावर हात ठेवून बसलो नव्हतो, हे तुला कळावं म्हणून हा पत्रप्रपंच. तू अडकलीस त्याच्या पंधराव्या दिवशी मी व्यवस्थापन समितीपुढे नव्या लिफ्टसाठी प्रेझेंटेशन दिलं. अडतीस स्लाइड! त्यातल्या अकरांवर आलेख. वर्षभरात लिफ्ट सतरा वेळा बंद पडली, हे मी तीन वेगवेगळ्या रंगांत दाखवलं. समितीत एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही खासगीत डुलकीसाहेब म्हणतो. ते चौथ्या स्लाइडला गेले. नवव्या स्लाइडपर्यंत त्यांच्या शेजारचे गेले. (आमच्या सभागृहाच्या खुर्च्याही अशा मऊ आहेत की मलासुद्धा उभं राहून बोलणं जड जात होतं.) अध्यक्ष जागे होते, पण त्यांनी एकच प्रश्न विचारला, की हा हिरवा रंग कशासाठी वापरलाय. विषय पुढच्या बैठकीवर गेला.

मग हॉस्पिटलनं मला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं. तिथल्या बाई फार हुशार. त्यांचं म्हणणं, आकडे माणसाच्या कानापर्यंत जातात, पोटात शिरते ती गोष्ट. म्हणून प्रेझेंटेशन गोष्टीसारखं रचा. पाच पायऱ्या: एक नायक घ्या, त्याला काहीतरी हवं असू द्या, मध्ये अडथळा आणा, त्याला झुंजवा, आणि शेवटी काय बदललं ते दाखवा. मला हसूच आलं, कारण हे सगळं मी सहाव्या वर्षी तुझ्याकडे शिकलो होतो. तुझ्या गोष्टीतला राजपुत्र नेमका माझ्याच वयाचा असायचा, त्याचाही पुढचा दात माझ्यासारखाच पडलेला असायचा, आणि ताटातला शेवटचा घास खाल्ल्याशिवाय तू शेवट काही सांगायची नाहीस. मी "मग? मग?" करत सगळं ताट चाटूनपुसून संपवायचो. (माझ्या आजच्या वजनाची जबाबदारी तुझ्यावर आहे, पण तो विषय वेगळा.)

तर आत्या, मी जोरात तयारीला लागलो. आलेख सगळे काढून टाकले. नायक कोण, यावर दोन दिवस डोकं खाजवलं आणि ठरवलं की विषय लिफ्टचा, म्हणजे नायक लिफ्टच! इथं घोडचूक झाली, पण त्या वेळी मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. समितीपुढे उभा राहिलो आणि सांगितलं, की चाळीस वर्षांपूर्वी इथं एक तरुण लिफ्ट आली. चकचकीत पितळी दार, मनात एकच इच्छा, की आजारी माणसाला अलगद वर न्यावं. मग अडथळे: दोर झिजला, मोटर थकली, तिचे सुटे भाग बनवणारे कारखाने एकेक करून बंद झाले. मग झुंज: सतरा वेळा कोसळली, सतरा वेळा उठली. बोलता बोलता माझाच आवाज भरून आला. पाचव्या पायरीवर मी म्हणणार होतो की आता हिला निवृत्त करा. तेवढ्यात डुलकीसाहेब (जागे! टक्क जागे!) उठून उभे राहिले आणि डोळे पुसत म्हणाले, की इतक्या इमानी जिवाला भंगारात घालायचं? अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. एकमतानं ठराव झाला की लिफ्ट बदलायची नाही. दार घासूनपुसून चकचकीत करायचं आणि बाजूला "अखंड सेवेची चाळीस वर्षे" अशी पाटी लावायची. अखंड! सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. जन्मात पहिल्यांदा मी कुणाला काही पटवून दिलं, आणि पटलं ते नेमकं उलटं.

प्रशिक्षणाच्या बाईंना फोन केला, तर त्यांनी शांतपणे विचारलं, की ऐकणारी माणसं मनातून कुणाच्या जागी जाऊन बसली? मी म्हटलं, लिफ्टच्या. त्या म्हणाल्या, मग आत अडकलेल्या माणसाच्या जागी कोण बसणार? आत्या, मला तोंडात मारल्यासारखं झालं. सहाव्या वर्षी कळत होतं ते पन्नाशीत विसरलो. येत्या गुरुवारी मी पुन्हा उभा राहणार आहे. काकांना नमस्कार सांग.

तुझा,
बिनडोक भाचा

ता. क. – खरं काम लिहायचं राहिलंच. गुरुवारी नायक म्हणून तुला घ्यायचंय. त्या पन्नास मिनिटांत तू काय केलंस ते लिफ्टवाल्यानं, म्हणजे आमच्या कप्तानानं, मला सांगितलंय. अंधारात तो तुझ्यापेक्षा जास्त घाबरला होता आणि तू त्याचा हात धरून त्याला गोष्ट सांगत होतीस, हेही. परवानगी देशील ना?

आणखी एक ता. क. – पत्र आठवडाभर खिशातच राहिलं. परवानगी राहू दे, मी सांगून टाकलं. गुडघा, टेबल, सगळं. (काकांचं नाव घेतलेलं नाही, त्यांना रागावू नकोस.) नवी लिफ्ट मंजूर झाली. ती बसायला चार महिने लागतील, म्हणून डुलकीसाहेबांनीच सुचवलं की तोवर व्यायामाची खोली तळमजल्यावरच्या सभागृहात आणावी. समिती यापुढे तिसऱ्या मजल्यावर बसेल, आणि जिन्यानं जाईल.

शेवटचा ता. क. – माझं बोलणं संपलं. मग अध्यक्षांनी विचारलं, "मग? त्या परत आल्या का?" मी म्हटलं, सोमवारी सकाळी दहाला येतायत. अशी थाप मारायला नको होती, पण तोंडातून निघून गेली. कप्तानही दारात वाट बघत उभा राहणार आहे. तू अर्ध्यात सोडलेल्या गोष्टीचा शेवट त्याला हवाय. मी साडेनऊला गाडी घेऊन येतो. आत्या, शेवटचा घास उरलाय, आणि या वेळी ताट तुझ्यापुढे आहे.