चौदा नंबरवरचे बाबा

४ फेब्रुवारी

आलो एकदाचे! घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं, भिंती इतक्या जाड की आत मोबाईलला रेंज नावालाही नाही. समोर रस्ता, पलीकडे बसथांबा आणि त्याचं लोखंडी बाकडं. बाबांची खाट खिडकीशी लावली. अर्धांगवायूनंतर त्यांना बोलता येत नाही, पण उजेडाकडे तोंड वळवलं त्यांनी, म्हणजे घर पसंत असावं. उद्यापासून माझी नोकरी सुरू. कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात बसून दिवसभर दुसऱ्यांचे दात घासून गुळगुळीत करायचे. आई असती तर पोट धरून हसली असती. तिला जाऊन वर्ष होत आलं. मला अजून नीट रडू आलेलं नाही, आता येईल असंही वाटत नाही.

७ फेब्रुवारी

दादा परदेशातून शहाणपणा शिकवतो. त्याचं म्हणणं, बाबांना सांभाळायला एखाद्या मावशी मिळेपर्यंत खाटेसमोर कॅमेरा लाव. तू कामावरून बघशील, मी इथून बघेन. सोपं आहे म्हणे. सोपं डोंबलाचं! आधीचा भाडेकरू कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्याने भिंतीवरच्या राउटरमधलं कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे तो ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर, पुसून स्वतःचंच काहीतरी घातलंय. इंटरनेटवाल्याने ते पाहून हात वर केले. घरमालक म्हणाले, चालतंय ना, मग कशाला हात लावता.

शेवटी मीच बसले. बाहेरून कोणी आलं की घरातल्या कुठल्या यंत्राकडे पाठवायचं, हे राउटरला आधी सांगून ठेवावं लागतं. पहारेकऱ्याने पाहुण्याला खोलीचा नंबर सांगावा, तसंच. त्याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. कॅमेऱ्याचा नंबर होता चौदा. नियम लिहिला, राउटर बंद करून चालू केला. कामावरून उघडलं तर नुसतं चक्र फिरत राहिलं.

१० फेब्रुवारी

आज लागलं! मी कशालाही हात लावला नव्हता, आपोआप लागलं. सकाळी कामावरून बघितलं तर बाबा शांत झोपलेले. संध्याकाळी दादाचा फोन. "मावशी छान मिळाल्या गं तुला. किती सावकाश भरवतात त्यांना," म्हणाला. मावशी अजून मिळालेल्याच नाहीत. दुपारच्या सुट्टीत मी घरी येऊन भरवते, मलाच बघितलं असणार त्याने. केस पिकलेत माझे, त्याचा काय दोष.

१३ फेब्रुवारी

आज मीही पाहिल्या. खाटेजवळ राखाडी कपड्यातली एक बाई, कॅमेऱ्याकडे पाठ, हातात वाटी. बाबा घास घेत होते. धावत घरी आले. दाराचं लॅच मी लावलं तसंच, बाबा एकटे, सकाळची वाटी भरलेली.

मग राउटर उघडून बसले. कॅमेऱ्याचा नंबर एकोणीस झालाय. राउटर बंद-चालू केला तेव्हाच बदलला असणार. नियम मात्र अजून चौदाकडेच पाठवतो, आणि चौदावर घरात काहीच नाही. बाहेरचा पत्ता घरातल्या वाय-फायवर उघडत नाही, आत रेंज नाही, म्हणून फोन घेऊन समोरच्या बाकड्यावर जायचं, बघायचं, परत आत यायचं. नियमात एकोणीस लिहिलं. बाबा एकटे दिसले, वाटी भरलेली. पुन्हा चौदा लिहिलं. मावशी त्यांचं तोंड पुसत होत्या.

चौदाच ठेवलं.

१५ फेब्रुवारी

दादाला सगळं सांगितलं. तो हसला, दमली आहेस म्हणाला, आणि बाबांचे गाल भरलेत हेही म्हणाला. इथे बाबा चमचा पाहिला की मान फिरवतात. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, पोटात काही गेलं नाही तर फार दिवस काढणार नाहीत, दवाखान्यात हलवा. हलवते म्हटलं. दवाखान्यात चौदा नंबर नसणार, हा विचार आला आणि फोन करायचा राहिला. मला भीती वाटायला हवी. काहीच वाटत नाही.

१८ फेब्रुवारी

कामावर गेले नाही. बाकड्यावरच बसले. चौदावर बाबा उशीला टेकून बसले होते. हसले. आई गेल्यापासून हसले नव्हते.

आत आले तर ते जिवणी घट्ट मिटून माझ्याकडे बघत होते. ओठ सुकून फाटलेत. पाणी लावलं, गालावरून ओघळलं. मी पुन्हा बाहेर गेले.

२० फेब्रुवारी

आत जायला पाय निघत नाहीत. दारापर्यंत जाते. किल्ली काढते. मग वाटतं, आत्ताच जेवले की ते, झोपू दे —

मावशींचं तोंड अजून दिसलेलं नाही. माझी काही तक्रार नाही.

२२ फेब्रुवारी

काल आत गेले नाही. आजही. थांब्यावरच्या बाईने विचारलं, कुणाची वाट बघताय. म्हटलं, बाबांना बघतेय. तिने फोनमध्ये डोकावलं, म्हणाली, नशीबवान आहेत हो. मी हो म्हटलं.

ते जेवतायत. मी बघतेय ना. मग —

२३ फेब्रुवारी

दादा येतोय. बाबा इतके सुधारले, प्रत्यक्ष बघायचेत म्हणे. नको म्हणायला हवं होतं. काय सांगून —

टॅक्सी थांबली. दादाच. बारीक झालाय. मी बाकड्यावर आहे, त्याला दिसले नाही. बेल वाजवतोय.

फोनमध्ये मावशी उठल्या. दार उघडलं. दादा आत आला, बॅग ठेवली.

रस्त्यापलीकडे दार बंदच आहे. दादा अजून बेल वाजवतोय. आता खिडकीशी गेला. काचेला दोन्ही हात लावून आत बघतोय. मागे सरकला. नाकावर रुमाल धरला. ओरडतोय, बाबांना हाक मारतोय, मग मला. खाली बसला, तिथेच, रस्त्यावर.

किल्ली माझ्या मुठीत आहे. उठायला हवं. उठतेच. एवढं बघते आणि उठते. फोनमध्ये दादा खाटेवर बसलाय, मावशी त्याला पाणी देतायत, बाबांनी त्याचा हात धरलाय आणि —