व्हिटॅमिन डीची चौकशी

।। श्री नृसिंह प्रसन्न ।।
ताडकळस, १२ एप्रिल २०२५

चि. परमेश्वर यास अक्काचा आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पाकीट खर्ची घातलं. व्हिटॅमिन डी असलं की हृदयाला दुसरं काही लागत नाही, हा तू पाठवलेला व्हिडिओ बघून तुझ्या दाजींनी पाडव्यापासून हृदयाची गोळी बंद केली. भर दुपारी बनियनवर गच्चीत बसायलेत. शेजारी माझ्या कुरडया. शेजारची सरजाबाई विचारायली, यातलं तळायचं कोणतं? हसू नको. छातीत स्प्रिंग बसवली तेव्हा डॉक्टरांनी गोळी चुकवू नका म्हणून बजावलं होतं. मला लय भ्या वाटायलंय.

माझ्या सृष्टीला स्थळ आलं तर तू मुलाच्या गावी, शेजारी, किराणा दुकानात विचारून आलास. मग हा व्हिडिओतला डॉक्टर कुणाचा कोण, तेबी काढ. लोभ असू दे, व्हिडिओ नको.

तुझी अक्का,
सविता

पालम, १७ एप्रिल

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पांढरा कोट, गळ्यात नळी, लाखो लोकांनी बघितलेला. मला खरंच वाटलं. मला तो व्हिडिओ आश्रुबा दुकानदारानं पाठवला, त्याला त्याच्या साडूनं. शेवटपर्यंत आमच्यातल्या कुणीच बघितला नव्हता. शेवटी थेंबांची बाटली विकायला ठेवलीय! तिथल्या नंबरावर फोन लावून विचारलं, कोण बरं झालं? तर विकणाऱ्या गड्यानं स्वतःच्याच सख्ख्या मेहुण्याचं नाव सांगितलं.

मग सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांना काही विकायचं नाही. त्या म्हणाल्या, हृदयाच्या आजाऱ्यांत हे व्हिटॅमिन कमी दिसतं खरं, पण आजारी माणूस उन्हात कमीच फिरतो. हजारो लोकांना वर्षानुवर्षं देऊन पाहिलं, झटके काही कमी झाले नाहीत. हाडांना लागतं. हृदयाची गोळी सोडायची नाही. दाजींना वाचून दाखव. चुकलो, पण माया पातळ करू नको.

तुझा,
परमेश्वर

ताडकळस, २३ एप्रिल

चि. परमेश्वर यास आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवलं. तर म्हणाले, या बाईंची चौकशी कुणी केली? मग परभणीला स्वतःच्या डॉक्टरांकडं गेले अन् नवरदेव बघायला गेल्यागत विचारलं, शिक्षण किती, गोळीमागं तुम्हाला काय सुटतं? मला धरणी पोटात घेईना. डॉक्टर हसले, साधी स्वस्त गोळी लिहून दिली, म्हणाले कुठल्याबी दुकानातून घ्या. मग तपासलं अन् गोळी बंद केली म्हणून चांगलंच झापलं.

येताना एसटीत हळूच म्हणाले, गोळी घेतली की आजारी असल्यागत वाटतं गं. उन्हात बसलं की नुसतं रिकामटेकडं वाटतं.

घरी येऊन तांब्या अन् गोळी हातात दिली. गिळली नाही, माझ्यावरचा राग काढल्यागत कडाकडा चावली. चावली तर चावली, पोटात गेली.

सगळ्यांना आठवण सांग, मायेत राहा.

अक्का