बांबूच्या बेटापाशी अकरा

३ मार्च
बोटीनं नेग्रोस बेटावर पोचले एकदाची! साखर कारखान्याच्या नव्या वीज-उपकेंद्राची जमीन तपासायची, सहा दिवसांचं काम. चार खुंट्या एका रेषेत ठोकायच्या, कडेच्या दोन खुंट्यांतून वीज सोडायची आणि मधल्या दोन्हींवर मोजायचं, माती तिला किती अडवते ते. घण मारायला पन्नाशीचे ऊसतोड्ये टासियो; मी त्यांना मानोंग म्हणते, म्हणजे दादा. म्हणाले, मातीला गुदगुल्या करायला पगार देतात होय गं तुला? न्याहारीला लसणाचा भात नि खारा मासा. मजेत आहे.

५ मार्च
शेतभर आकडा एकशे ऐंशीच्या आसपास. कोरडी जमीन, एवढा यायचाच. बांबूच्या बेटापाशी मात्र एकदम अकरा. रेषा काटकोनात फिरवली, तरी अकरा. खाली लोखंड असल्याशिवाय असं होत नाही. पहारेकऱ्यांचा मुकादम बेर्तिंग विचारून गेला, एकाच जागी दोनदा कशाला? जुना पाइप असेल, मी हसून म्हटलं. तो हसला नाही.

६ मार्च, सकाळ
मानोंगनी खणलं. हातभर खाली पिवळा पत्रा, जीपनीचा, म्हणजे इथल्या प्रवासी जीपगाडीचा टप. मजुरांच्या संपाच्या वर्षी सात ऊसतोड्ये जीपनीसकट नाहीसे झाले होते. त्यांत मानोंगचा धाकटा भाऊ, निलो. त्यांनी खिडकीतून हात घातला. सदऱ्याची बाही आली, आत हाड. मी म्हटलं, पोलिसांकडे जाऊ. तर म्हणाले, "हा खड्डा त्यांच्या देखतच खणला असेल, बाळा."

अकरा वाजता
बेर्तिंग आला, बरोबर तिघं. मानोंग मला म्हणाले, पळ. स्वतः पहार घेऊन उभे राहिले. एकाचा गुडघा फोडला. मग त्यांना — आमच्याच घणानं. तीनदा. तिसऱ्या घावाचा आवाज ओला. खड्ड्यात लोटलं तेव्हा पाय हलत होते.
मी उसात. पाठीला यंत्राची पेटी. तोंडात मूठ.

बारा
बेर्तिंग हाका मारतोय. बाहेर ये इंजिनियरबाई, काही नाही करत. किती गोड आवाज —
उसाचं पाचट वाळलेलं. रॉकेलचा वास. चारी बाजूंनी जाळ —

वही पेटीत घालून पुरणार. नखांनी. सापडेल त्यानं वाचावं. खड्डा बांबूच्या बेटापासून पूर्वेला चाळीस पावलं. जीपनीत सात. वर मानोंग टासियो. मारणारा बेर्तिंग. मी लिगाया, इलोइलोची. आईला सांगा, भाजलं नाही मला, धुरानंच आधी —